एकाला टॅक्रोलिमस, दुसऱ्याला निवोलुमॅब: टी-पेशीचं बटण नक्की असतं कुठे?

आंबेमोहोर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. सध्या सासर-माहेर मिळून दोन पेशंट आहेत. धाकट्या दिरांची किडनी बदलली, सासूबाईंनी दिली. त्यांना टॅक्रोलिमस चालू आहे, सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून. माहेरी मोठ्या काकांचा तोंडाचा कॅन्सर उलटलाय. त्यांना काही गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब.

दिरांचे डॉक्टर म्हणतात, टी-पेशी, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, गप्प बसायला हव्यात. काकांचे डॉक्टर म्हणतात, टी-पेशी कामाला लागायला हव्यात. पेशी तीच ना? मग एक औषध नक्की कुठे बोट ठेवतं आणि दुसरं कुठे? नेटवर बाणांचे नकाशे बघून डोकं भणभणलं. मी बारावीपर्यंत जीवशास्त्र, पुढे कॉमर्स. तेवढ्या बेतानं सांगा. कोणती औषधं घ्यावी असा सल्ला नकोय, डॉक्टर आहेत त्याला.

बिनधास्त_बंड्या (९:४४)

पहिला! कळत काही नाही, पण धागा चांगला चालणार म्हणून जागा धरून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी (१०:३५)

माझं रोजचं काम याच पेशींवर, त्यामुळे जरा लांबेल.

टी-पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. दुसरी पेशी एमएचसी नावाच्या प्रथिनात एखाद्या प्रथिनाचा बारीक तुकडा धरून दाखवते, तो हा रिसेप्टर चाचपतो. गंमत अशी की या रिसेप्टरला बाहेर काय लागलं हे आत सांगायचं स्वतःचं साधनच नाही. त्याच्या सोबतीला सीडी३ ची प्रथिनं असतात, त्यांच्या शेपट्या पेशीच्या आत लोंबतात. रिसेप्टर नीट बसला की एलसीके नावाचं किनेज त्या शेपट्यांवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट दिसलं की झॅप-७० तिथे येऊन बसतं. तेही एक किनेज. ते पुढे एलएटी नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटं लावतं आणि त्याभोवती दहा-बारा प्रथिनांचा घोळका जमतो. इथपर्यंत काही सेकंद.

त्या घोळक्यातलं एक एन्झाइम पेशीच्या पडद्यातला एक मेदरेणू तोडतं. त्याचे दोन तुकडे दोन वाटांनी जातात. एका वाटेनं पेशीतलं कॅल्शियम वाढतं. कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं. ते एनएफएटी नावाच्या प्रथिनावरची फॉस्फेटं *काढून* टाकतं. फॉस्फेटं निघाली की एनएफएटी केंद्रकात शिरतं आणि आयएल-२ चं जनुक चालू करायला हातभार लावतं. आयएल-२ बाहेर पडलं की ती पेशी आणि शेजारच्या पेशी भराभर वाढू लागतात.

आता तुमच्या दिरांचं औषध. टॅक्रोलिमस पेशीत शिरून एफकेबीपी१२ या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडगोळी कॅल्सिन्युरिनवर जाऊन बसते. जुनं सायक्लोस्पोरिनही तेच करतं, फक्त त्याचा जोडीदार सायक्लोफिलिन. म्हणजे दिरांच्या टी-पेशीला सासूबाईंची किडनी परकी आहे हे *दिसतं*. एलसीके, झॅप-७० सगळे हलतात. पण ती बातमी केंद्रकापर्यंत पोचत नाही.

निवोलुमॅब याच्या पुष्कळ वर, पडद्यापाशी काम करतं. पण त्यासाठी आधी दुसरा सिग्नल समजायला हवा. उद्या लिहितो, इथे झोपायची वेळ झाली.

खिचडी (१०:५१)

दिरांचे हात थरथरतात का हो? आमच्या वहिनींना टॅक्रोलिमसनं सुरुवातीला चहाचा कप धरता यायचा नाही. आणि साखरही वाढली होती.

आंबेमोहोर (१०:५८)

हो! सही बदललीय बँकेत. पण टी-पेशीचं औषध हाताला का लागावं?

टकळी (११:२०)

कारण कॅल्सिन्युरिन ही काही टी-पेशीची खासगी मालमत्ता नाही. चेतापेशींत भरपूर आहे, स्वादुपिंडात आहे, खुद्द किडनीतही आहे. किडनी वाचवायला दिलेलं औषध जास्त झालं की किडनीलाच त्रास देतं, म्हणून रक्तातली पातळी सारखी तपासतात. सकाळचा डोस घ्यायच्या *आधी* रक्त द्यायचं, गोळी घेऊन नाही. आमच्या ओळखीत एकजण न चुकता गोळी घेऊन जायचे आणि रिपोर्ट बघून सगळे घाबरायचे.

नागपुरी_संत्रं (मंगळवार, सकाळी ७:१५)

सूक्ष्मदर्शी भाऊ झोपले तर दुसरा सिग्नल मी सांगतो नं. बँकेचा लॉकर बघितला ना ताई? तुमची चावी लागते अन् बँकेची पण लागते. रिसेप्टरला तुकडा पटला, ही तुमची चावी. समोरच्या पेशीवर सीडी८० किंवा सीडी८६ असलं अन् टी-पेशीवरच्या सीडी२८ ला ते भेटलं, की बँकेची चावी लागली. दोन्ही लागल्या तर उघडते.

आता समोरच्या पेशीवर सीडी८० केव्हा येते? तिला जंतूचा वास लागला, आसपास काही तुटफूट झाली, तेव्हा. म्हणजे नुसतं "हा परका दिसतो" इतकं पुरत नाही. "अन् इथे काहीतरी गडबड आहे" हेही कोणीतरी म्हणावं लागते.

टकळी (८:०२)

लॉकर समजायला बरा आहे, पण दोन ठिकाणी फसवतो.

एक: लॉकरला एकच चावी लावली तर काही होत नाही, उद्या दोन्ही घेऊन या. टी-पेशीला पहिला सिग्नल मिळाला आणि दुसरा मिळालाच नाही, तर ती पुढे बराच काळ दोन्ही मिळूनही ढिम्म राहू शकते. १९८७ मध्ये जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांनी हे दाखवलं. शरीर स्वतःच्या प्रथिनांबद्दल गप्प राहतं, त्यामागचं हे एक मोठं कारण. समोरच्या निरोगी पेशीवर सीडी८० नाही, मग तिला ओळखणारी टी-पेशी भडकायच्या ऐवजी थंडावते.

दोन: चावी लागते किंवा लागत नाही. टी-पेशीचा रिसेप्टर मात्र तुकड्याला *किती वेळ* धरून राहिला ते बघितलं जातं. तेवढ्या काही सेकंदांत फॉस्फेट लावणारे जिंकले की काढणारे, यावर सगळं ठरतं. काढणाऱ्यांत सीडी४५ हे मोठं प्रस्थ. दोन पेशी अगदी जवळ चिकटल्या की उंच असलेलं सीडी४५ त्या फटीतून बाहेर ढकललं जातं आणि एलसीकेला मोकळं रान मिळतं, असं एक मत आहे.

नागपुरी_संत्रं (८:१०)

ताईनं बारावीच्या बेतानं मागितलं होतं, तुम्ही पीएचडीच्या व्हायवाला बसवलं तिला. सेकंद मोजून ती काय करन?

आंबेमोहोर (८:३०)

नाही नाही, चालू द्या. पहिला मुद्दा तर फार उपयोगी आहे. म्हणजे नुसतं "ओळखलं नाही" आणि "ओळखून सोडून दिलं" यात फरक आहे, असंच ना?

सूक्ष्मदर्शी (दुपारी १:१२)

अगदी तसंच. आणि काकांचा मामला या दुसऱ्या प्रकारातला आहे.

टी-पेशी कामाला लागली की ती स्वतःच आपल्या अंगावर पीडी-१ नावाचा रिसेप्टर आणते. समोरच्या पेशीवर त्याचं जोडीदार प्रथिन पीडी-एल१ भेटलं की पीडी-१ च्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लागतं आणि तिथे एसएचपी२ नावाचं एन्झाइम येतं. त्याचं काम फॉस्फेटं काढणं. कोणाची काढतं? आधी सगळ्यांना वाटायचं की मुख्य रिसेप्टरच्या शेपटीची. २०१७ मध्ये आलेल्या कामात दिसलं की पहिला तडाखा सीडी२८ ला बसतो, म्हणजे संत्र्यांच्या भाषेत बँकेच्या चावीला.

हे कॅन्सरसाठी बनलेलं नाही. विषाणू महिनोन्‌महिने अंगात राहिला तर टी-पेशींनी सतत हल्ला करत राहणं शरीरालाच महागात पडतं, तिथे पीडी-१ त्यांना मवाळ करतं. गाठीनं फक्त ही आयती सोय वापरली. ती अंगावर पीडी-एल१ वागवते. निवोलुमॅब हे पीडी-१ ला झाकणारं प्रतिपिंड आहे. झाकलं की पीडी-एल१ ला धरायला काही उरत नाही.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर: बटण एक नाही. दिरांचं औषध पेशीच्या आत, कॅल्सिन्युरिनवर. काकांचं पेशीच्या बाहेर, पीडी-१ वर. आणि काकांचं औषध टी-पेशीला चालू करतच नाही. आधीच ओळखलेल्या आणि मग मवाळ झालेल्या पेशीवरचा दाब काढतं. गाठीला ओळखणारी पेशीच नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि म्हणूनच ते पुष्कळ जणांना लागू पडत नाही.

रात्रपाळी (४:४०)

कॅन्सर वॉर्डात असतो, म्हणून एक भर. आंबेमोहोर, काकांचा डोस २० मिलिग्रॅम आहे का बघा. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आणि तो आपल्याकडे बहुतेकांच्या खिशाबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन चाचणी केली, सोबत तोंडावाटे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. २०२२ च्या अखेरीस निकाल आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के.

एवढ्याशा डोसनं कसं भागतं? इतक्या कमी औषधातही टी-पेशींवरचे बरेचसे पीडी-१ व्यापले जातात आणि आठवडे व्यापलेले राहतात. सगळे झाकल्यावर आणखी ओतून काय झाकणार?

आंबेमोहोर (५:०५)

हो, २०! मला वाटत होतं की पैशांमुळे कमी देताहेत आणि काकांना कुणी सांगत नाहीये.

रात्रपाळी (५:२२)

पैशांमुळेच, पण चाचणी करून. जुलाब, धाप, कावीळ, अतिशय थकवा यातलं काही झालं तर मात्र "किमोचं असेल" म्हणून घरी बसू नका, लगेच कळवा. दाब निघालेल्या टी-पेशी आतडं, फुप्फुस, यकृत, थायरॉइड कुणावरही घसरतात.

कोकणकडा (७:३०)

टी-पेशीवरचा दुसरा ब्रेक, सीटीएलए-४, त्याचा विषय कुणीच का काढत नाही? २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं होतं ना, पीडी-१ साठी होन्जो आणि सीटीएलए-४ साठी अ‍ॅलिसन.

टकळी (८:१५)

काढू या. सीटीएलए-४ ही सीडी२८ ची सख्खी भावकी. दोघांनाही तेच सीडी८० आणि सीडी८६ हवं, पण सीटीएलए-४ ची पकड कितीतरी घट्ट. त्यामुळे सीडी२८ ला काही उरत नाही. इतकंच नाही, सीटीएलए-४ समोरच्या पेशीवरचं सीडी८० अक्षरशः उपटून आपल्या पेशीत ओढून घेतं आणि तिथे ते मोडीत निघतं.

हे किती महत्त्वाचं आहे बघा: सीटीएलए-४ नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मरतात, स्वतःच्याच टी-पेशी सगळ्या अवयवांत घुसून. पीडी-१ नसलेले उंदीर बराच काळ बरे दिसतात, दुखणी उशिरा येतात. औषधांतही तोच फरक. सीटीएलए-४ वरचं इपिलिमुमॅब २०११ मध्ये आलं, पण त्याचे दुष्परिणाम पीडी-१ च्या औषधांपेक्षा जास्त.

बिनधास्त_बंड्या (८:१९)

म्हणजे सीटीएलए-४ बँकेची चावी घेऊन पळून जातो आणि वितळवून टाकतो. संत्रं, तुमचा लॉकर अजून टिकून आहे बरं का.

सूक्ष्मदर्शी (९:००)

टकळी, एवढ्यावर सोडू नका. हे सीटीएलए-४ सर्वांत जास्त कुठे असतं? नियामक टी-पेशींवर, बाकीच्यांना आवरणाऱ्या. २०२५ चं नोबेल त्यांनाच मिळालं: साकागुची, ब्रंकाव आणि रॅम्सडेल. फॉक्सपी३ हे जनुक बिघडलं की या पेशी नीट बनत नाहीत आणि बाळाला जन्मापासून मधुमेह, जुलाब, त्वचेचा दाह. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही शिकत होतो तेव्हा सीटीएलए-४ पेशीच्या आत स्वतःचा "थांब" असा सिग्नल पाठवतं असं ठामपणे शिकवायचे. मला आता तो भाग फार मोठा वाटत नाही.

टकळी (९:१२)

मला अजूनही वाटतो. पण ते भांडण इथे नको, लोक पळतील.

परदेशी_पोपट (१०:४५)

सीडी२८ चं नाव निघालंय आणि टीजीएन१४१२ या औषधाच्या चाचणीचं कुणी सांगत नाही? मार्च २००६. मी तेव्हा लंडनच्या हॅरो भागात राहायचो आणि हे त्याच भागातल्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारात घडलं. सीडी२८ ला असं धरणारं प्रतिपिंड की पहिल्या सिग्नलची गरजच नाही, टी-पेशी थेट चालू. उद्देश चांगला होता: नियामक पेशी वाढवायच्या, संधिवातासारख्या आजारांत वापरायचं. सहा तगड्या तरुणांना माणसातला पहिलाच डोस दिला, माकडांना जो सोसला होता त्याच्या पाचशेव्या भागाइतका. तासा-दीड तासात डोकेदुखी, थंडी, मग एकेक अवयव बंद. सहाही अतिदक्षता विभागात. सगळे वाचले, पण एकाची बोटं गेली. कित्येक दिवस पेपरात दुसरं काही नव्हतं.

कोकणकडा (१०:५८)

आणि माकडांना काहीच कसं झालं नाही?

सूक्ष्मदर्शी (११:२०)

त्या माकडांच्या ज्या अनुभवी टी-पेशी असतात, म्हणजे आधी लढून आलेल्या, त्यांच्यावर सीडी२८ राहत नाही. माणसाच्या राहतं. औषधाला माकडात धरायला जागाच नव्हती. शिवाय सहाही जणांना काही मिनिटांच्या अंतरानं डोस दिले गेले. आता माणसातला पहिला डोस एकालाच देऊन थांबतात, हा नियम त्यातूनच घट्ट झाला.

आजीचा_बटवा (बुधवार, सकाळी ६:५०)

एवढी रासायनिक औषधं कशाला? रोज गुळवेल आणि काढा घ्या, प्रतिकारशक्ती आपोआप वाढते. काकांनाही द्या, दिरांनाही द्या.

खिचडी (७:०५)

दिरांना?? अहो, वरचा धागा वाचलात का? त्यांची वाढू नये म्हणूनच तर सगळी उठाठेव चालू आहे.

रात्रपाळी (७:४०)

बटवा, राग मानू नका, पण किडनी बदललेल्याला गुळवेल अजिबात नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली, प्रतिकारसंस्थेनं स्वतःच्याच यकृतावर हल्ला करावा तशी. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, त्यावर बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी ज्याची टी-पेशी मुद्दाम बांधून ठेवलीय त्याला हे देण्यात काही अर्थ नाही.

आणि हो, पपनस नको. ग्रेपफ्रूटसारखंच तेही आतड्यातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवतं, पातळी चढते. क्षयाच्या रिफॅम्पिसिननं उलट होतं, पातळी धाडकन उतरते. कुणीही नवीन गोळी लिहून दिली की किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आजीचा_बटवा (८:००)

आमच्या घरी सगळे काढ्यावर ठणठणीत आहेत, एवढंच सांगते. बाकी तुमची मर्जी.

नागपुरी_संत्रं (९:२०)

जरा विषय बदलतो नाहीतर काढ्यावर धागा उकळन. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलं. टॅक्रोलिमस जपानच्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूतून, १९८४ मध्ये. अन् रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतून! ते शोधणारे सुरेंद्रनाथ सेहगल आपल्याकडचेच, कॅनडात काम करायचे. कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला, असं सांगतात. मातीतल्या जिवांना आपल्या टी-पेशीशी काय घेणं-देणं?

टकळी (९:४५)

टी-पेशीशी काही नाही. कॅल्सिन्युरिन यीस्टमध्येही आहे, बुरशीतही आहे. रॅपामायसिन धरतं ते वेगळं प्रथिनही तिथे आहे. शेजारच्या बुरशीला मारायला बनवलेली ही हत्यारं असावीत, आपल्याकडे तीच प्रथिनं जुनी तशीच राहिलीत म्हणून लागू पडतात.

कोकणकडा (दुपारी ३:३०)

दुसऱ्या सिग्नलवरून एक सांगतो. पवईच्या आयआयटीत टाटा मेमोरियलसोबत बनलेलं नेक्सकार१९ हे रक्ताच्या कॅन्सरवरचं कार-टी औषध (रुग्णाच्याच टी-पेशींत बनवलेला रिसेप्टर बसवून त्या कॅन्सरवर सोडतात), ज्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली, त्यात हेच तत्त्व आहे. सुरुवातीच्या कार-टी पेशींत फक्त सीडी३ ची शेपटी जोडायचे. पेशी चालू व्हायच्या आणि थोड्या दिवसांत संपायच्या. दुसऱ्या सिग्नलची शेपटीही त्याच रेणूत शिवल्यावर त्या अंगात टिकायला लागल्या. नेक्सकार१९ मध्ये ती ४-१बीबी ची आहे.

आंबेमोहोर (रात्री ८:५०)

आता बऱ्यापैकी कळलं. मग एक प्रश्न राहून राहून येतोय. दोन्ही आजार एकाच माणसाला झाले तर? किडनी बदललेल्याला कॅन्सर झाला तर निवोलुमॅब देतात का? दिरांना काही झालेलं नाही, पण टॅक्रोलिमसवर असणाऱ्यांना कॅन्सरचा धोका जास्त असं त्या माहितीपत्रकातच लिहिलंय.

रात्रपाळी (१०:१०)

धोका जास्त आहे, विशेषतः त्वचेच्या कॅन्सरचा, आणि विषाणूंमुळे होणाऱ्यांचा. ज्या पेशी किडनीला सोडतात त्याच गाठीलाही सोडतात. आपल्याकडे त्वचेचा कमी दिसतो, पण तंबाखू हातात असेल तर दिरांना आत्ताच सोडायला सांगा.

निवोलुमॅब देतात, पण दुसरं काही उरलं नसेल तेव्हा, आणि आधी समोर बसवून बोलून. आजवर जे रुग्ण नोंदले गेलेत त्यांत सुमारे ४० टक्क्यांची किडनी शरीरानं नाकारली, बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच. किडनी गेली तर डायलिसिस असतं. हृदय किंवा यकृत बदललेलं असेल तर तेही नसतं, तिथे गणित फार वेगळं.

सूक्ष्मदर्शी (१०:४०)

तुमच्याच नकाशावर बघा: पीडी-१ झाकलं म्हणजे वरचा दाब गेला. खाली कॅल्सिन्युरिनवर टॅक्रोलिमस बसलेलं असेल तर गाठीविरुद्धची बातमीही केंद्रकापर्यंत नीट पोचत नाही. ते काढलं तर किडनी धोक्यात. म्हणून काही केंद्रं टॅक्रोलिमस कमी करून संत्र्यांच्या ईस्टर बेटावरचं औषध देतात. ते कॅल्सिन्युरिनला हात लावत नाही. आयएल-२ मिळाल्यानंतर वाढायचा जो हुकूम येतो, तो एमटॉर या प्रथिनापाशी अडवतं, आणि त्वचेचा कॅन्सर त्यावर कमी होतो असंही दिसलंय. सोबत स्टेरॉइड. कुणाचं जमतं, कुणाचं नाही. मला तरी यातून निघायचा स्वच्छ मार्ग अजून दिसलेला नाही.

आंबेमोहोर (१०:५५)

दिरांची मिश्री बंद करायला उद्याच सासूबाईंना मागे लावते. किडनी त्यांची आहे, त्यांचंच ऐकतील.

खिचडी (११:०२)

संधिवाताच्या टोफासिटिनिबचं राहिलंच की. तेही सिग्नलच अडवतं ना?

टकळी (११:०५)

ते जेएके किनेज अडवतं. पण त्याला नवा धागा काढा, इथे अ‍ॅडमिन आधीच डोळे वटारून बसलेत.